नळीला भोक नसलेली एन्फिल्ड: लाकडी ठासणीची बंदूक घरी कशी घडवावी

माझी पहिली बंदूक नाटकाच्या तालमीच्या तिसऱ्याच दिवशी मोडली. शिपायाचं काम करणाऱ्या पोराने हुकूम ऐकून दस्ता फरशीवर आपटला आणि मानेपाशी कट्‌कन आवाज झाला. नळीकडचा भाग त्याच्या हातात राहिला, दस्ता घरंगळत माझ्या पायाशी आला. ओट्यावर बसून तालीम बघणारे एक आबा म्हणाले, "हाई बंदूक व्हती का मुसळ?" त्यानंतर मी आणि माझ्या सुतारमामांनी मिळून नऊ बंदुका घडवल्या. त्यातली एकही मानेत मोडलेली नाही. ती रीत इथे सांगतो.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण पोरं दरवेळी विचारतात: "दादा, हिच्यात एअरसॉफ्टचं यंत्र बसवता येईल का? छर्रा तरी उडेल?" माझ्या बंदुकीची नळी भरीव लाकडाची असते. तिला भोक नाही, चाप हलत नाही, घोडा (चाप ओढल्यावर आपटतो तो भाग) पडत नाही. यातून काहीही उडत नाही आणि पुढे कोणी उडवायचं म्हटलं तरी उडू नये अशीच ती घडवायची. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीची खरी बंदूक करायला परवाना लागतो, आणि कलम २८ प्रमाणे अटक टाळण्यासाठी नकली बंदूक रोखली तरी ती खरी बंदूक वापरल्यासारखीच धरली जाते. पण कायद्याचं सोडा. मंचावरच्या बंदुकीचं काम गोळी मारणं नाही, वीस पावलांवरच्या माणसाला १८५७ साल दिसणं हे आहे. ते लाकडाच्या रेषेतून साधतं.

कोणत्या सालची बंदूक?

खानदेशातल्या नाटकात, चित्ररथात सर्रास होणारी चूक म्हणजे साल एक आणि बंदूक भलतीच. जेम्स उटरमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली ती १८२५ मध्ये. तेव्हाच्या फौजेत चकमकीची बंदूक होती: घोड्याच्या तोंडात गारगोटी, समोर पोलादी पान, ठिणगीने पेटणारी दारू. टोपीची बंदूक, म्हणजे घोडा छोट्या धातूच्या टोपीवर आपटून तिच्यातल्या स्फोटकाने दारू पेटवणारी, ब्रिटिश फौजेत साधारण १८४० च्या आगेमागे आली. तुमचा प्रसंग सातपुड्यातल्या खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या उठावाचा असेल, १८५८ सालच्या अंबापाणीच्या लढाईचा असेल, तर सरकारी शिपायाच्या हातात टोपीची बंदूक शोभते. समोरच्या भिल्ल लढवय्याच्या हातात तीरकमठा द्या, एखाद्याच्या हातात तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक. सगळ्यांच्या हातात एकसारखी एन्फिल्ड दिलीत तर लढाई कोणाकोणात चाललीय तेच कळणार नाही.

मी घडवतो ती १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड. गाई-डुकराच्या चरबीची काडतुसं म्हणून जी काडतुसं बदनाम झाली, ती याच बंदुकीची. लांबी ५५ इंच, म्हणजे १४० सेंटिमीटर. त्यात नळी ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर. वजन सव्वाचार किलोच्या घरात. नळीचं तोंड ०.५७७ इंच, साडेचौदा मिलिमीटरहून किंचित जास्त. दुरून ओळखायची खूण म्हणजे नळी आणि लाकूड एकत्र बांधणारी तीन लोखंडी कडी. चकमकीच्या जुन्या 'ब्राउन बेस'ला ती नसतात, तिथे नळी आडव्या खिळींनी लाकडात अडकवलेली असते. त्यामुळे १८२५चा प्रसंग असेल तर हीच रीत वापरा, फक्त कडी गाळा आणि घोडा बदला.

फ्लेक्सवाल्याकडे जा

कागदावर चौकटी आखून चित्र मोठं करत बसू नका. बंदुकीचा अगदी बाजूने काढलेला, तिरका नसलेला फोटो मिळवा आणि तो फ्लेक्सवर पूर्ण मापात छापून घ्या. लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या बॅनरमध्ये उरलेल्या पट्टीवर तो सहज बसतो. घरी आणून टेप लावा: नळी ९९ सेंटिमीटर भरली पाहिजे. ९७ भरली तर परत छापा. दोनच सेंटिमीटरचा फरक, पण तो दस्त्यात, मानेत, चापाच्या कडीत सगळीकडे पसरतो आणि बंदूक खेळण्यासारखी दिसू लागते. मूळ वस्तू डोळ्यांनी बघायची असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या जुन्या हत्यारांपाशी अर्धा तास उभे राहा. फोटोत जाडी कळत नाही, तिथे कळते.

फ्लेक्सवरची आकृती कापून पातळ प्लायवर चिकटवली की कायमचा साचा तयार. आमचा साचा आता नवव्या बंदुकीपर्यंत आला आहे, कडा थोड्या खाल्ल्या आहेत.

लाकूड

मूळ बंदूक अक्रोडाच्या लाकडाची. आपल्याकडे सागवान. नवं सागवान वखारीतून आणलंत तर ते किती वाळलंय याचा भरवसा नसतो, आणि जळगावच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ला टेकलेला असताना, अर्धवट वाळलेली फळी आठ दिवसांत पापडासारखी वळते. म्हणून मी जुनं लाकूड बघतो. गावोगाव धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं उठताहेत. त्या धाब्यांच्या कड्या, दारांच्या चौकटी, जुने दरवाजे भंगारवाल्याकडे पडलेले असतात. पन्नास-साठ उन्हाळे बघितलेलं ते लाकूड, ते आता आणखी काय वळणार? फक्त आरा मशीनवर नेण्याआधी खिळे काढा. एकदा मोडका खिळा आत राहिला आणि पात्याचे दात गेले. मशीनवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

साग परवडत नसेल तर शिवण घ्या. हलकी असते आणि पटाशीखाली लोण्यासारखी जाते. बाभूळ घेऊ नका. मजबूत आहे, पण हात मोडतील.

लागतील दोन फळ्या: प्रत्येकी १३५ सेंटिमीटर लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड. रंधा मारून त्या साधारण सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) राहतील. एक जाड फळी न घेता दोन पातळ का? माझी पहिली बंदूक मोडली त्याचं उत्तर इथेच आहे.

मान

बंदुकीची मान, म्हणजे चापाच्या मागे मुठीत धरायचा बारीक भाग, खाली वळलेली असते. लाकडाचे रेषे मात्र सरळ धावतात. त्यामुळे नळीच्या रेषेत रेषे ठेवले की मानेत ते आखूड पडून तिरके कापले जातात. दस्ता आपटला की तिथेच फाट पडते. तालमीतल्या त्या पोराच्या हातात नेमकं हेच झालं होतं.

यावर दोन उपाय एकदम करायचे. साचा फळीवर ठेवताना थोडा तिरपा करा, जेणेकरून रेषे मानेतून शक्य तितके लांब धावतील. आठ इंच रुंदी त्यासाठीच मागितली. आणि दोन्ही फळ्या चिकटवण्याआधी आतल्या बाजूला, मानेतून तिरपी जाणारी खाच पाडा, निम्मी एका फळीत, निम्मी दुसरीत. त्यात आठ मिलिमीटरचा आट्यांचा गज, २० सेंटिमीटर लांब, अॅरल्डाइटमध्ये बसवा. आट्यांमुळे गोंद धरून राहतो. गुळगुळीत गज आतल्या आत फिरतो.

फळ्या उघड्या आहेत तोवर पुढच्या भागातही खाच पाडून १२ मिलिमीटरची बांधकामाची सळई ठेवा, ९० सेंटिमीटर. खाच नळीच्या घराच्या (नळी बसायच्या खोबणीच्या) बरीच खाली राहील असं बघा, नाहीतर पुढे पटाशी सळईवर आदळेल. ही सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, म्हणजे आठशे ग्रॅम वजन आयतं मिळालं. सागाची बंदूक सळईशिवाय दोन किलोच्या आसपास राहते आणि नट ती काठीसारखी फिरवतो. वजन आलं की खांदा आपोआप झुकतो, दोन्ही हात लागतात, चाल बदलते. ते अभिनयाने शिकवावं लागत नाही. शाळेतली मुलं असतील तर मात्र सळई गाळा, पाचवीच्या पोराला तीन किलो झेपत नाही.

चिकटवायला साधा फेविकॉल पुरतो. दोन्ही बाजूंना लावा आणि वीतभर अंतरावर शिकंजे आवळा. शिकंजे कमी असतील तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ताणून गुंडाळा, त्या शिकंज्यापेक्षा सारखा दाब देतात. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका. दुपारच्या झळांत गोंद लावता लावताच साय धरतो आणि सांधा वरवरचा बसतो. एका चैत्रात मी घाई केली. प्रयोगाच्या दिवशी उन्हात उभ्या ट्रॉलीवर बंदुकीचा सांधा बोटभर उघडला. सुतळी गुंडाळून वेळ मारून नेली, लोकांना वाटलं ती लढाईत फुटलेली बंदूक आहे. सांधा आवळल्यावर चोवीस तास हात लावू नका.

नळी: चौकोनातून गोल

नळीसाठी जळगावचा पीव्हीसी पाइप डोळ्यांसमोर येतो, शेताच्या बांधावर पडलेलाच असतो. पण एन्फिल्डची नळी निमुळती आहे: मागे साधारण ३० मिलिमीटर, तोंडाशी २०. सरळ पाइप लावला की ती शेतातल्या मोटारीची पाइपलाइन दिसते. नळी लाकडाचीच करा.

३० मिलिमीटर चौरस, मीटरभर लांब सरळ रेषांचा दांडा घ्या. आधी चारही बाजूंनी रंधून पुढचं टोक २० वर आणा, अजून चौकोनीच. आता प्रत्येक बाजूवर दोन रेषा मारायच्या: मागच्या टोकाला ९-१२-९ मिलिमीटर, पुढच्या टोकाला ६-८-६. त्या टोकापासून टोकापर्यंत पट्टीने जोडा. या रेषांपर्यंत चारही कोपरे रंधून टाकले की दांडा अष्टकोनी होतो. मग अष्टकोनाचे कोपरे नजरेने घ्या, सोळा बाजू होतील. तिथून पॉलिश पेपरची पट्टी दांड्याभोवती बूट पुसल्यासारखी ओढा. सुतारमामा रेषा मारतच नाहीत, पण त्यांच्या हाताला चाळीस वर्षं झालीत, आपल्या नाही.

नळीच्या तोंडाला गिरमिट लावू नका. तिथे साडेचौदा मिलिमीटरचा काळा कुळकुळीत ठिपका रंगवा, कड थोडी राखाडी. पाच पावलांवरून तो भोकच दिसतो.

आता नळी दस्त्यात अर्धी बुडवायची. गोल पटाशीने साधारण घर खणून घ्या, मग नळीला खालून काजळ फासा आणि घरात दाबून उचला. जिथे काळा डाग लागला तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच खरवडा, परत काजळ, परत दाबा. वीस-पंचवीस वेळा हे करावं लागतं. कंटाळवाणं आहे आणि इथेच बहुतेक जण फट ठेवून पुढे जातात. मग फटीत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरतात आणि ती रेघ प्रत्येक फोटोत दिसते. पंचविसाव्या वेळी नळी जेव्हा 'चप्प' करून बसते ना, तो आवाज ऐकण्यासाठी मी दहावी बंदूक घडवायला बसेन.

दस्त्याचा आकार

जास्तीचं लाकूड वाकसाने उडवा, मग जाड दात्यांची कानस, मग बारीक. लाकूड नळीच्या तोंडाआधी दहा सेंटिमीटर संपतं. मान अंडाकृती हवी, गोल नाही, गोल मान मुठीत फिरते. कुलूप, म्हणजे घोडा धरणारी यंत्रणा, बसतं ती उजवी बाजू आणि तिच्या समोरची डावी बाजू मात्र सपाट राहू द्या. नवशिके तिथेही कानस चालवतात आणि मग कुलपाची पट्टी टेकायला जागाच उरत नाही. दस्त्याची वरची कड सुरीसारखी नको, गाल टेकून बघा.

कुलूप, घोडा, चाप

प्रेक्षकाची नजर दोन ठिकाणी जाते, घोड्यावर आणि कड्यांवर. बाकी सगळं तो गृहीत धरतो.

कुलपाची पट्टी सहा मिलिमीटर प्लायची, फोटोवरून कापा. घोडा तीन थर प्लाय चिकटवून, करवतीने कापून, वळणांवर एम-सील लावून घडवा. एम-सील ओलं असतानाच पाण्याच्या बोटाने गुळगुळीत करा. नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे लाकडाचं छोटं कुबड चिकटवा, त्यावर टोपी बसायची बोंडी म्हणून एक लहान स्क्रू उभा ठोका. घोडा त्या बोंडीवर टेकलेला, पक्का चिकटवलेला. हलता घोडा पोरांना फार आवडतो आणि दुसऱ्या दिवशी हातात येतो.

पट्टीवर कोरीव काम हवं असेल तर सरकारी बंदुकीवर मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर पुढच्या पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह असे. पहिल्या रांगेतल्यालाही तो दिसणार नाही. मी तरी काढतो.

चापाची कडी, दस्त्याची तळपट्टी आणि पुढच्या लाकडाची टोपी मूळ बंदुकीत पितळेची. मोडीच्या बाजारात पितळी पट्ट्या मिळतात, फुटक्या समईचं भांडंसुद्धा चालतं. थंड पितळ वाकवलं तर चिरतं. आधी लालसर होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, मग ते हाताने वळतं. लोखंड पाण्यात टाकलं की कडक होतं म्हणून लोक घाबरतात, पितळेचं तसं नाही. बसवून झालं की चिंच आणि राखेने घासा, घरच्या तांब्यासारखं.

तीन कड्यांसाठी मात्र पाइप खरोखर कामाला येतो. ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे सव्वा सेंटिमीटर रुंद दोन वळे कापा, आणि सगळ्यात पुढच्या कडीसाठी ३२चा एक. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवले की ते मऊ पडतात. चिमट्याने काढा, जाड हातमोजे घाला, आणि नळी-लाकडावर सरकवून ओल्या फडक्याने दाबा. गार होताना ते त्याच आकाराला घट्ट बसतात. सैल वाटलं तर काढून परत उकळा. खालच्या बाजूला एकेक स्क्रू. लोखंडी पत्र्याची कडी करायला मला अख्खा दिवस लागायचा, ही तासाभरात होतात.

नळीखाली ठासायचा गज हवाच, नाहीतर ठासणीची बंदूक कसली? सहा मिलिमीटरचा गुळगुळीत गज खाच पाडून चिकटवून टाका. सुटा ठेवलात तर पोरं तलवारी खेळतात. संगीन मी करत नाही, गर्दीत टोकदार काही नको.

रंग आणि तेल

सागाचा पिवळेपणा मारायला कात पाण्यात उकळून गाळून घ्या आणि दोन हात द्या. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघा, जुना साग कधीकधी एका हातातच काळवंडतो. वाळल्यावर जवसाचं तेल: पातळ लावायचं, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत. पाच-सहा हातांनंतर जी मंद चमक येते ती कोणत्याही वॉर्निशला येत नाही. चकाकणारं वॉर्निश मंचाच्या दिव्यांत आरशासारखं चमकतं.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात, लाकडाच्या भुशाशेजारी, हे गमतीत घ्यायचं काम नाही. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

नळी आणि कडी: बिनचमकीचा काळा रंग, त्यात निळ्याचे चार थेंब. एन्फिल्डची नळी निळसर काळी होती. रंग वाळल्यावर शिसपेन्सिलीचं शिसं कुटून पूड करा आणि बोटाने कडांवर, उंचवट्यांवर चोळा. लाकूड लोखंड होतं. खरंच, हात लावून बघेपर्यंत माणसाला पटत नाही.

नेताना

प्रयोगाच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या: किती लाकडी बंदुका, कुठे, कधी, सोबत फोटो. पोच घेऊन ती ट्रॉलीत ठेवा. एसटीने नेत असाल तर गोधडीत किंवा पोत्यात गुंडाळा आणि तोंडाला लाल फडकं बांधा. खांद्यावर टाकून स्टॅंडवर फिरू नका, निवडणुकीच्या दिवसांत तर नकोच. मागे आमच्या पोराने चहाच्या टपरीवर बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. पाच मिनिटांत दोन हवालदार आले. एकाने ती उचलली, तोलली, नळीत डोकावून बघितलं आणि बोटाने ठिपका खरवडला.

"भोकच नहीं शे हिले," तो दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघांनी आमच्याच पैशाने चहा घेतला.